१९७३ सालची एक अटकळ मुंबईच्या चंद्रशेखर खरे यांनी सिद्ध केली, पण एकट्यानं नाही!

चार आकडी संख्या घ्या, तिचे आकडे उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं लावा, वजाबाकी करा आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहा. चारही आकडे एकच नसतील तर शेवटी ६१७४ येणारच.

हा मेसेज तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कधी ना कधी आलाच असेल. त्यामागचे गणिती म्हणजे देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची नोकरी नाही, सोबत काम करणारा कुणी नाही. एकटा माणूस आणि त्याची वही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठं जगाला त्यांची ओळख झाली.

रामानुजन यांची गोष्टही आपण अशीच सांगतो. अँड्र्यू वाइल्स यांची तर हमखास: माडीवरच्या खोलीत सात वर्षं गुपचूप बसून फर्माचं कोडं सोडवणारा माणूस. संख्यांवर काम करणारा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकटा, जन्मजात प्रतिभावान माणूसच येतो.

पण गेल्या काही दशकांत या विषयातली जी मोठी कामं झाली, त्यातल्या एकाची गोष्ट अगदी वेगळी आहे. तिचा नायक मुंबईचा आहे. त्यांचं नाव चंद्रशेखर खरे. आणि या गोष्टीत ते क्वचितच एकटे दिसतात.

आधी एक गोंधळ दूर करू

इंग्रजीत ज्याला नंबर थिअरी म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं? 'संख्याशास्त्र' म्हणावं तर तो शब्द स्टॅटिस्टिक्सला दिलाय. 'अंकशास्त्र' म्हणावं तर लोक जन्मतारीख सांगून भविष्य विचारतात. म्हणून 'संख्या सिद्धांत'.

या विषयात पूर्णांकांचा अभ्यास होतो. १, २, ३, ४ अशा साध्या संख्या आणि त्यातल्या मूळ संख्या, म्हणजे १ आणि स्वतः सोडून कशानंच भाग न जाणाऱ्या. २, ३, ५, ७, ११, १३ वगैरे. या विषयातले प्रश्न शाळकरी पोरालाही कळतात, पण उत्तरं शोधायला शतकं लागतात.

खरे यांनी काय केलं ते समजायला एक छोटा प्रयोग करू. वही-पेन पुरेल.

बाकीचं गणित

घड्याळात १० वाजलेत. अजून ५ तासांनी किती वाजतील? ३. आपण १५ म्हणत नाही, १२ नं भागून उरलेली बाकी सांगतो. असंच कुठल्याही मूळ संख्येचं घड्याळ करता येतं. ३ च्या घड्याळात फक्त ०, १ आणि २ हे तीनच आकडे असतात.

आता हे समीकरण घ्या:

(य × य) + य = (क्ष × क्ष × क्ष) − (क्ष × क्ष)

प्रश्न असा: ३ च्या घड्याळात याची उत्तरं किती?

क्ष ० किंवा १ असेल तर उजवी बाजू ० येते. य ० असेल तर डावी बाजू ०. य २ असेल तर ४ + २ = ६, म्हणजे बाकी पुन्हा ०. य १ असेल तर मात्र डावी बाजू २ येते. क्ष २ घेतला तर उजवीकडे ८ − ४ = ४, बाकी १, आणि डावी बाजू १ कधीच होत नाही. म्हणजे एकूण उत्तरं ४.

हेच बाकीच्या घड्याळांत केलं तर असा तक्ता मिळतो:

• २ च्या घड्याळात ४ उत्तरं. २ − ४ = −२
• ३ च्या घड्याळात ४ उत्तरं. ३ − ४ = −१
• ५ च्या घड्याळात ४ उत्तरं. ५ − ४ = १
• ७ च्या घड्याळात ९ उत्तरं. ७ − ९ = −२
• १३ च्या घड्याळात ९ उत्तरं. १३ − ९ = ४

शेवटचे आकडे लक्षात ठेवा: −२, −१, १, −२, ४. यात काही नियम दिसतो का? नाही ना?

आता हा दुसरा, पूर्ण वेगळा दिसणारा गुणाकार पाहा:

त × (१ − त)² × (१ − त²)² × (१ − त³)² × … अशी एक न संपणारी साखळी, आणि तिला जोडून (१ − त¹¹)² × (१ − त²²)² × (१ − त³³)² × … अशी दुसरी.

कंस सोडवत गेलं की हे मिळतं:

त − २त² − त³ + २त⁴ + त⁵ + २त⁶ − २त⁷ …

त² च्या मागे −२. त³ च्या मागे −१. त⁵ च्या मागे १. त⁷ च्या मागे −२. आणखी पुढं गेलात तर त¹³ च्या मागे ४.

वरच्या तक्त्यातलेच आकडे! एकीकडे घड्याळातली उत्तरं मोजली, दुसरीकडे नुसते कंस सोडवले आणि दोन्हीकडून एकच यादी आली. हा योगायोग नाही. ११ ही एक मूळ संख्या सोडली (तिच्या घड्याळात या समीकरणाचं वागणं जरा वेगळं असतं), तर दर मूळ संख्येला हे जुळतं. १९५४ साली जर्मन गणिती मार्टिन आयक्लर यांनी या संबंधाचं कारण दाखवलं.

पहिल्या प्रकारच्या समीकरणाला इलिप्टिक कर्व्ह म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या, आतून विलक्षण सममिती असलेल्या रचनेला मॉड्युलर फॉर्म म्हणतात.

सेर यांची अटकळ

आता थोडं वर चढायचंय. क्ष × क्ष = २ या समीकरणाची दोन उत्तरं आहेत: २ चं वर्गमूळ आणि त्याचंच उणे रूप. या दोघांची अदलाबदल केली तरी बेरीज-गुणाकाराचा कुठलाच नियम मोडत नाही. मोठ्या समीकरणांची उत्तरं जास्त, त्यामुळे अशा अदलाबदलीही जास्त. १८३२ साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात मेलेला फ्रेंच गणिती एव्हारिस्त गाल्वा यानं शिकवलं की समीकरणाचं गुपित या अदलाबदलींमध्ये असतं.

जगातल्या सगळ्या समीकरणांच्या सगळ्या अदलाबदली एकत्र केल्या तर एक अवाढव्य रचना तयार होते. ती थेट वाचणं अशक्य. म्हणून गणिती तिचे 'फोटो' काढतात: प्रत्येक अदलाबदलीला चार आकड्यांचा एक छोटा चौकोन द्यायचा. दोन आडवे, दोन उभे. या फोटोला गाल्वा रिप्रेझेंटेशन म्हणतात. अशा फोटोतून जवळजवळ प्रत्येक मूळ संख्येसाठी एक आकडा निघतो, म्हणजे पुन्हा वरच्यासारखीच एक यादी.

फ्रेंच गणिती झाँ-पिएर सेर हे २७ व्या वर्षी फील्ड्स मेडल मिळवलेलं आणि पुढं २००३ साली पहिलं आबेल पारितोषिक मिळवणारं नाव. १९७३ च्या सुमारास त्यांनी एक अटकळ मांडली. चौकोनातले आकडे एखाद्या मूळ संख्येच्या घड्याळातले असतील आणि दोन-एक अटी पाळल्या जात असतील, तर अशी प्रत्येक यादी कुठल्या ना कुठल्या मॉड्युलर फॉर्ममधूनच आलेली असते.

१९८७ साली त्यांनी ही अटकळ अधिक धारदार करून छापली. मॉड्युलर फॉर्म 'कुठंतरी असतो' एवढंच त्यांनी म्हटलं नाही, त्याचा पत्ताही सांगितला. या पत्त्याचे मुख्य दोन भाग: लेव्हल आणि वेट. फोटो दाखवा, सेर पत्ता काढून देणार आणि त्या पत्त्यावर मॉड्युलर फॉर्म सापडलाच पाहिजे.

यात फर्मा कुठं आला?

फर्माचं शेवटचं प्रमेय बहुतेकांनी ऐकलेलं असतं. वर्गांच्या बाबतीत ३ चा वर्ग + ४ चा वर्ग = ५ चा वर्ग असं जमतं. पण घन किंवा त्याहून मोठा घात घेतला तर शून्य सोडून असे तीन पूर्णांक मिळतच नाहीत. सतराव्या शतकात फर्मानं पुस्तकाच्या समासात हे लिहून ठेवलं आणि त्याची सिद्धता साडेतीनशेहून जास्त वर्षं कुणाला सापडली नाही.

समजा, असे तीन पूर्णांक सापडले. मग त्यांच्यापासून एक चमत्कारिक इलिप्टिक कर्व्ह बनवता येतो. त्याचा फोटो काढा, सेर यांच्या नियमानं पत्ता काढा. पत्ता येतो लेव्हल २, वेट २. पण त्या पत्त्यावर घरच नाही! तिथं एकही योग्य मॉड्युलर फॉर्म नसतो हे आधीपासून माहीत होतं. म्हणजे तसे तीन पूर्णांक असूच शकत नाहीत.

सेर यांची अटकळ खरी ठरली तर फर्माचं प्रमेय एवढ्या थोडक्यात संपतं. म्हणूनच ती एवढी दूरची वाटत होती. एवढं मोठं फळ देणारं झाड सहजासहजी हाती लागत नसतं.

वाइल्स यांनी फर्मा सोडवला तो सेर यांची पूर्ण अटकळ न वापरता. आधी केन रिबेट यांनी १९८६ साली त्या अटकळीचा एक आवश्यक तुकडा सिद्ध केला. मग वाइल्स यांनी इलिप्टिक कर्व्हच्या एका मोठ्या गटाला मॉड्युलर फॉर्मशी जोडलं. जून १९९३ मध्ये केंब्रिजला घोषणा झाली, नंतर सिद्धतेत भोक सापडलं आणि १९९४ साली ते बुजवताना वाइल्स यांच्यासोबत त्यांचे माजी विद्यार्थी रिचर्ड टेलर होते. माडीवरच्या एकट्या माणसाच्या गोष्टीतही शेवटी दुसरा माणूस आलाच.

एवढं होऊनही सेर यांची अटकळ तशीच उभी होती. वाइल्स यांच्या पद्धतीला सुरुवातीला पाय ठेवायला जागा लागते: कुठल्या तरी एका घड्याळातली यादी मॉड्युलर असल्याचं आधी माहीत हवं. आणि सेर यांची अटकळ नेमकी तीच जागा मागत होती.

मुंबई ते केंब्रिज ते कुलाबा

चंद्रशेखर खरे यांचा जन्म १९६८ साली मुंबईत झाला. पदवीचं शिक्षण केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात. रामानुजन आणि हार्डी यांचं हेच कॉलेज. नंतर अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९९५ साली डॉक्टरेट. त्यांचे मार्गदर्शक हारुझो हिदा हे मॉड्युलर फॉर्मच्या याद्या वेगवेगळ्या घड्याळांत एकमेकींशी कशा जुळतात, या विषयातले दादा माणूस.

त्यानंतर खरे मुंबईला परतले आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये रुजू झाले. पुढं अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात आणि मग लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्या काळातले त्यांचे शोधनिबंध पाहिले तर एक गोष्ट लगेच दिसते. शीर्षकाखाली अनेकदा दोन नावं असतात. टीआयएफआरचे सी. एस. राजन यांच्यासोबत एक, दीपेंद्र प्रसाद यांच्यासोबत एक, अमेरिकेतले रवी रामकृष्ण यांच्यासोबत एक. विषय मात्र फिरून फिरून तोच: गाल्वाचे फोटो आणि ते एका घड्याळातून पूर्ण रूपात कसे आणायचे.

स्ट्रासबर्गचा जोडीदार

झाँ-पिएर विंटेनबर्गर हे १९५४ साली जन्मलेले फ्रेंच गणिती, स्ट्रासबर्ग विद्यापीठात प्राध्यापक. खरे यांच्यापेक्षा १४ वर्षांनी मोठे. त्यांची वाट वेगळी होती. झाँ-मार्क फोंतेन यांचे ते विद्यार्थी. एकाच मूळ संख्येच्या अगदी जवळ जाऊन, भिंगाखाली धरल्यासारखं तिथलं वागणं तपासणं ही त्यांची खासियत. फोंतेन आणि विंटेनबर्गर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस केलेलं काम पुढं पीटर शोल्झ यांच्या फील्ड्स मेडल मिळवणाऱ्या संशोधनाच्या पायात आलं.

खरे एका घड्याळातून दुसऱ्या घड्याळात जाण्यात तरबेज, तर विंटेनबर्गर एका घड्याळाच्या आत खोल उतरण्यात. सेर यांच्या अटकळीला दोन्ही लागणार होतं.

डिसेंबर २००४ मध्ये दोघांचा पहिला संयुक्त निबंध इंटरनेटवर आला. त्यात अटकळीवर चढाई कशी करायची याचा आराखडा होता आणि काही छोटी प्रकरणं सिद्धही केली होती. २००५ साली खरे यांनी लेव्हल १ असलेली, म्हणजे पत्त्याचा पहिला भाग सगळ्यात साधा असलेली, सगळी प्रकरणं निकालात काढली. पुढच्या काही वर्षांत दोघांनी मिळून पूर्ण अटकळ सिद्ध केली.

शिडी कशी बांधली?

तपशील अत्यंत कठीण आहेत, पण कल्पना समजण्यासारखी आहे.

समजा, तुमच्याकडे १३ च्या घड्याळातली एक यादी आहे. ती मॉड्युलर आहे का, हे ठरवायचंय.

पहिली पायरी: ही यादी म्हणजे फक्त बाकी आहे. तिच्यामागे असलेली पूर्ण यादी शोधा. बाकी ३ असेल तर मूळ संख्या ३, १६, २९ काहीही असू शकते. त्यामुळे हवे ते गुणधर्म असलेली पूर्ण यादी मिळवणं हेच सगळ्यात अवघड काम.

दुसरी पायरी: पूर्ण यादी मिळाली की ती कुठल्याही घड्याळात बघता येते. मग १३ सोडून लहान मूळ संख्येचं घड्याळ घ्या, समजा ११ चं. तिथला निकाल आपल्याला आधीच माहीत असेल तर ती यादी मॉड्युलर.

तिसरी पायरी: वाइल्स यांच्या परंपरेतली प्रमेयं सांगतात की योग्य अटी असतील तर एका घड्याळातली यादी मॉड्युलर ठरली की पूर्ण यादीही मॉड्युलर ठरते. मग ती १३ च्या घड्याळातही मॉड्युलर. काम झालं.

थोडक्यात, प्रत्येक मूळ संख्या आपला प्रश्न आपल्यापेक्षा लहान संख्येकडे ढकलते. ढकलत ढकलत खाली आलं की शेवटी २ आणि ३ उरतात. आणि तिथं पाया तयार होता. २ साठी जॉन टेट यांनी १९७३ सालीच लेव्हल १ चं प्रकरण सिद्ध केलं होतं आणि ३ साठी स्वतः सेर यांनी.

एका घड्याळातून दुसऱ्यात उडी मारायची युक्ती वाइल्स यांनीही वापरली होती, ३ वरून ५ वर. खरे आणि विंटेनबर्गर यांनी एका उडीची पूर्ण शिडी केली.

यात एक गंमत आहे. शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये फार अंतर असेल तर पाय पोहोचत नाही. दोन लागोपाठच्या मूळ संख्यांमधली दरी फार मोठी नसते याची खात्री हवी होती. ती खात्री खरे यांना मिळाली एकोणिसाव्या शतकातले रशियन गणिती चेबिशेव यांच्या जुन्या अंदाजांमधून. एकविसाव्या शतकातल्या अत्याधुनिक सिद्धतेला मधला टेकू दीडशे वर्षांपूर्वीचा.

मग श्रेय कुणाचं?

२००९ साली इन्व्हेंशिओनेस मॅथेमॅटिके या जगप्रसिद्ध नियतकालिकाच्या १७८ व्या खंडात खरे आणि विंटेनबर्गर यांच्या सिद्धतेचे दोन भाग लागोपाठ छापून आले. त्यांच्या पाठोपाठ, त्याच खंडात, मार्क किसिन यांचा निबंध आहे. २ च्या घड्याळात पूर्ण यादीकडे जाण्याचा जो निकाल या सिद्धतेला हवा होता, तो किसिन यांनी त्यात दिला. तो नसता तर शिडीची एक पायरी रिकामी राहिली असती.

पहिल्या पायरीसाठी रिचर्ड टेलर यांचं काम लागलं. तिथंच गेबहार्ड ब्यॉकल यांच्या निकालांचाही आधार मिळाला. स्पेनमध्ये काम करणारे लुईस द्युलफे हे त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशाच कल्पनांनी काही प्रकरणांपर्यंत पोहोचले होते. आणि या सगळ्यांच्या मागे टेट, रिबेट, वाइल्स आणि ज्यांनी प्रश्न विचारला ते सेर.

याचा अर्थ खरे आणि विंटेनबर्गर यांचं श्रेय कमी होतं का? मुळीच नाही. सुटे भाग अनेकांच्या हातात होते. ते असे जोडले की शिडी वरपर्यंत जाईल, हे या दोघांना दिसलं आणि त्यांनी ते करून दाखवलं. जगानंही ते मानलं. खरे यांना २००७ साली फर्मा पारितोषिक आणि २०१० साली इन्फोसिस पारितोषिक मिळालं. २०१० साली हैदराबादला गणितज्ञांची जागतिक परिषद भरली, तेव्हा दोघांनाही व्याख्यानाचं निमंत्रण होतं. २०११ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं संख्या सिद्धांतासाठीचं कोल पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आलं. २०१२ साली खरे रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

जानेवारी २०१९ मध्ये विंटेनबर्गर यांचं निधन झालं. सेर यांची अटकळ आता 'खरे-विंटेनबर्गर प्रमेय' या जोडनावानं ओळखली जाते.

पुढं काय?

एवढं मोठं काम झाल्यावर माणूस थांबतो असं आपल्याला वाटतं. पण खरे यांच्या पुढच्या निबंधांवरही सोबत्यांची नावं आहेत. मायकेल लार्सन आणि गॉर्डन सॅव्हिन यांच्यासोबत त्यांनी गाल्वाच्या उलट्या प्रश्नावर काम केलं: अदलाबदलींची रचना दिली तर तशी रचना असलेलं समीकरण सापडेल का? टीआयएफआरचे नजमुद्दीन फखरुद्दीन आणि अमेरिकेतले स्टीफन पॅट्रिकिस यांच्यासोबत त्यांनी 'बाकीवरून पूर्ण यादी' हा जुना प्रश्न चार आकड्यांच्या चौकोनापलीकडच्या, मोठ्या रचनांसाठी हाताळला. ब्यॉकल, मायकेल हॅरिस आणि जॅक थॉर्न यांच्यासोबतचं त्यांचं काम २०१९ साली अ‍ॅक्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात आलं.

हे सगळं एका मोठ्या नकाशाचा भाग आहे. १९६७ साली रॉबर्ट लँगलँड्स यांनी आंद्रे वेल यांना लिहिलेल्या पत्रातून तो नकाशा सुरू झाला. गाल्वाचं जग आणि मॉड्युलर फॉर्मसारख्या सममितीचं जग हे मुळात एकच आहे, असं तो नकाशा म्हणतो. त्यातला बराच भाग अजून कोरा आहे.

याचा उपयोग काय?

हा प्रश्न येणारच. प्रामाणिक उत्तर असं की सेर यांच्या अटकळीमुळं कुणाच्या विजेचं बिल कमी झालेलं नाही.

पण आपण सुरुवातीला जे केलं, घड्याळात इलिप्टिक कर्व्हची उत्तरं मोजली, ते मात्र आत्ता तुमच्या हातातल्या फोनमध्ये आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज बंद कुलपात पाठवताना कर्व्ह २५५१९ नावाचा इलिप्टिक कर्व्ह वापरला जातो. आपण ७ चं आणि १३ चं घड्याळ घेतलं. तिथलं घड्याळ २ चा २५५ वा घात वजा १९ एवढ्या प्रचंड मूळ संख्येचं असतं. त्या घड्याळात किती उत्तरं आहेत, यावर कुलूप किती पक्कं हे बऱ्याच अंशी ठरतं. ६१७४ चा मेसेज ज्या कुलपातून तुमच्यापर्यंत आला, ते कुलूपही संख्या सिद्धांताचंच.

इलिप्टिक कर्व्हचा अभ्यास करणाऱ्या जुन्या गणितींच्या डोक्यात फोन नव्हता. खरे-विंटेनबर्गर प्रमेयाचं पुढं काय होईल, हे आज सांगता येत नाही.

एकट्या प्रतिभावंताची गोष्ट का तपासून पाहावी?

कापरेकर एकटे होते ही वस्तुस्थिती आहे. पण ते त्यांचं भाग्य नव्हतं. आसपास बोलायला कुणी गणिती असता तर त्यांच्या वहीतून आणखी काय निघालं असतं, हे आता कळायला मार्ग नाही. रामानुजन यांनी मद्रासहून हार्डींना पत्र लिहिलं, ते नेमकं सोबत शोधण्यासाठीच.

मोठं गणित म्हणजे जन्मजात, एकट्याची, झटक्यात सुचलेली गोष्ट, असं आपण मुलांना सांगत राहिलो तर बहुतेक मुलं आठवी-नववीतच ठरवतात की हे आपल्यासाठी नाही. खरे यांची कारकीर्द वेगळं सांगते: एक प्रश्न निवडायचा, तो वर्षानुवर्षं सोडायचा नाही, आणि आपल्याला जे येत नाही ते ज्याला येतं अशा माणसासोबत बसायचं.

केंब्रिज किंवा टीआयएफआर प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, हेही खरंच. पण वरचा तक्ता करायला दोन्हींची गरज नाही. बुलडाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजाच्या एखाद्या शाळेत, नववीच्या वर्गात फळ्यावर तो मांडता येईल. ७ च्या घड्याळात क्ष आणि य च्या ४९ जोड्या तपासाव्या लागतात. दहा मुलांनी पाच-पाच वाटून घेतल्या तर एका तासिकेच्या आत ९ उत्तरं सापडतात. १७ च्या घड्याळात २८९ जोड्या आहेत आणि त्यात १९ उत्तरं लपलेली आहेत. तिथं मात्र सगळा वर्ग लागेल.